लोअर परळला जेवायला कुठे जायचं?

आजच्या एपिसोडचं नाव ऐकून तुम्हाला वाटलं असेल, की आता हा पठ्ठ्या हॉटेलांची यादी सांगणार. यादी आहे, पण ती जरा जुनी आहे.

झालं असं, की मागच्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर नेहमीचा प्रश्न पडला. शुक्रवारी टीम डिनर, लोअर परळला कुठे जायचं? दहा मिनिटांत पंधरा नावं आली. त्याच संध्याकाळी मी गावी फोन केला. आमचं गाव कराडजवळ. आजोबा वीस वर्षं परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. मी त्यांना सहज विचारलं, ‘‘तुम्ही कुठं जेवायचा ओ तिथं?’’ ते म्हणाले, ‘‘कुठं म्हंजे? मावशीच्या खोलीत.’’

ही मावशी आमच्या नात्यातली नव्हे. ती खाणावळवाली.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली काढली आणि 1856 मध्ये ती सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्यांची रांगच लागली. आपण त्याला गिरणगाव म्हणतो. या गिरण्यांना माणसं पुरवणारे दोन मोठे जिल्हे होते, कोकणातला रत्नागिरी आणि घाटावरचा सातारा. आणि हो, सांगलीकरांनी लगेच रुसू नये! तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले आणि पुढे त्यांनी गिरणीतही काम केलं.

आलेली माणसं बहुतेक पुरुष. बायको, पोरं, म्हातारी आई गावी, कारण जमीन कोरडवाहू असली तरी ती कसायला कुणीतरी लागायचंच. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड याच ताटातुटीवर उभी आहे. मग मुंबईत एका गावचे दहा-वीस जण मिळून एक खोली घ्यायचे. पाळीनुसार झोपायचे. एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. अशा खोलीत चूल कोण मांडणार?

इथे खाणावळवाली येते. दहा बाय बाराची खोली, त्यातच तिचा संसार. नवरा गिरणीत, किंवा आजारी, किंवा वारलेला. ती दहा, पंधरा, वीस गड्यांचा स्वयंपाक करायची. पहाटे उठून भाकऱ्या, कारण पहिली पाळी सातची. दुसऱ्या पाळीचे गडी मध्यरात्री सुटायचे, त्यांचं ताट झाकून ठेवलेलं. शक्यतो आपल्याच भागातली बाई बघायची, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याची चव घरची लागते. आजोबा म्हणतात, ‘‘आमटी कोकणी झाली की आमची भाकरी अडायची.’’

पैसे पगाराच्या दिवशी, महिन्याचे एकदम. गावी गेलात तर तेवढे खाडे कापून. आजच्या भाषेत मंथली सबस्क्रिप्शन, फक्त कार्ड आधी घेत नव्हते. म्हणजे महिनाभर सगळा खर्च तीच करायची. वाण्याची उधारी तिच्या नावावर, सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. आपण गिरणगावाचा इतिहास लिहितो तेव्हा मालक येतात, युनियन येते, लाल बावटा येतो. पण लाखो माणसांच्या जेवणाचं खेळतं भांडवल या बायकांनी उभं केलं होतं, हे वाक्य फारसं कुठे येत नाही.

ते ज्यांच्या नीट लक्षात आलं त्या प्रेमा पुरव. 1974 च्या गिरणी संपात कामगारांचा पगार बंद, तरी या बायकांनी उधारीवर जेवण चालू ठेवलं. डाग गहाण टाकून. प्रेमाताईंनी 1975 मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना छोटी कर्जं मिळवून दिली. तारण काय, तर एकमेकींचा शब्द. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

मग आला 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, असं आजही म्हटलं जातं. महिने गेले, खोल्या रिकाम्या झाल्या, माणसं एसटीत बसून गावी आली. माणूस गेला, की खाणावळीचं गिऱ्हाईक गेलं आणि त्याच्याकडची उधारीही गेली.

1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींची विक्री खुली केली. 2001 मध्ये नियम बदलला आणि शहराच्या वाट्याला येणारी जमीन आणखी आक्रसली. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलमध्ये ऑफिसं आणि रेस्टॉरंट आली. तिथलं ‘द बॉम्बे कॅन्टीन’ 2015 मध्ये सुरू झालं, भारतीय प्रांतांतल्या पदार्थांना नव्याने मांडणारी नावाजलेली जागा. त्या इमारतीचं नाव आजही प्रोसेस हाऊस. याच कमला मिलमध्ये 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागून 14 जण गेले.

तर मंडळी, कुठे जायचं? कमला मिलला जरूर जा, जेवण छान असतं. पण जेवणाआधी तासभर काढून लालबागपर्यंत जा. चिवडा गल्ली बघा. मसाला गल्लीत मिरची-हळद कांडून घेणाऱ्या बायका बघा. ‘लाडू सम्राट’मध्ये कोथिंबीर वडी खा. गिरणगावाची चव अजून तिथे शिल्लक आहे.

आणि एक राहिलं. आजोबा संपात चार महिने मावशीकडे उधारीवर जेवले आणि मग गावी निघून आले. दोन वर्षांनी उसाचं बिल आलं, तेव्हा पैसे घेऊन ते परत गेले. खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्यांना एवढंच माहीत, की ती पोरांना घेऊन गेली. कुठं, ते नाही.

शुक्रवारी आम्ही नऊ जण जेवलो. बिल मोबाइलवर नऊ ठिकाणी वाटलं गेलं, मिनिटभरात सगळ्यांचं चुकतं झालं. मी आजोबांना हे सांगितलं, तर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘चांगलं हाय. कुणाचं ठेवू नये.’’

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरात कुणी खाणावळ चालवली असेल किंवा कुणी तिथं जेवलं असेल, तर त्यांना आजच विचारून घ्या. आणि जमलं तर रेकॉर्ड करा.