दामाजीच्या कोठारानंतर

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बहामनी सरकारची कोठारे लोकांना लुटू दिली आणि विठोबाने महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरले, ही कथा आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तिच्यातला भक्तिरस बाजूला ठेवला तर एक रोखठोक गोष्ट उरते. माणसे उपाशी मरत होती तेव्हा धान्य गावातच, कुलपात होते. ते बाहेर काढायला एका अंमलदाराला जीव धोक्यात घालावा लागला. ज्या व्यवस्थेत गरिबाचे पोट भरायला संतच लागतो, तिला न्याय्य म्हणता येत नाही. आपल्याकडची उपासमार पाऊस-पिकाइतकीच साठ्यावरच्या ताब्यामुळे झाली आहे, आणि प्रादेशिक अन्नव्यवस्थेचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

साठवणीचे ज्ञान कमी नव्हते. सोलापूर-सांगलीकडे कोरड्या, घट्ट जमिनीत पेव खणत, तळाला नि कडेने कडबा लावत, ज्वारी ओतून तोंड दगड-मातीने लिंपून टाकत. हवा बंद झाली की कीड गुदमरून मरे आणि दाणा वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर मात्र कोणी लगेच आत उतरत नसे. साचलेल्या वायूने माणूसही मरे. पण कर्जात बुडालेल्या कुणब्याचे पीक खळ्यावरूनच सावकाराकडे जाई. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले ते उगाच नव्हे. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. रेल्वेने धान्य आणले म्हणून माणसे वाचली, असा युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा आहे. सोलापूरला रेल्वे १८६० सालीच आली होती, पण आगगाडी धान्य नेते दर असेल तिकडे, भूक असेल तिकडे नव्हे. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅमवर आणले, तेव्हा मजुरांनी काम नाकारले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. हा दुष्काळ अन्नापेक्षा रोजगाराचा होता, हे पुढे सरकारच्याच दुष्काळ आयोगाने मान्य केले.

मग जुन्या स्वयंपूर्ण गावाकडे परतायचे का? मुळीच नाही. बलुत्याच्या त्या गावात धान्याचा वाटा जातीने ठरे. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते ह्याच अनुभवातून. शिवाय १९७२ च्या दुष्काळात गावची पेवे रिकामी होती; बाहेरून आलेल्या मिलोने, सुकडीने आणि मुख्य म्हणजे दुष्काळी कामांच्या मजुरीने लोक तगले. बाहेरचे धान्य लागतेच. पण त्यानंतर रेशनच्या दुकानात मुख्यतः गहू-तांदूळच राहिले आणि कोरडवाहू ज्वारीला खात्रीचे गिऱ्हाईक उरले नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद असूनही चित्र फारसे पालटले नाही. तेलंगणात जहीराबादकडच्या दलित बायकांच्या संघमांनी, म्हणजे गावोगावच्या गटांनी, मात्र नव्वदच्या दशकात पडीक रानांच्या मशागतीला कर्ज दिले, त्याची फेड ज्वारीत घेतली आणि गावातली गरीब घरे स्वतः ठरवून ती स्वस्तात वाटली. कोठार आणि किल्ली दोन्ही त्यांच्याच हाती होती.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने शहरात भाव मिळेल. तालुक्यातल्या मजुराच्या ताटात ती भाकरी यायची असेल, तर सरकारने ती ज्वारी तिथेच हमीभावाने घेऊन तिथल्याच रेशन दुकानांतून वाटली पाहिजे.