टीयू-१५४ : खरंच ‘उडती शवपेटी’ होतं का हे सोव्हिएत विमान?

९ जानेवारी १९९३. दिल्ली विमानतळावर दाट धुकं. हैदराबादहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान उतरताना कोसळलं, उलटं झालं आणि पेटलं. आतले सर्व १६५ जण वाचले! तेव्हा वैमानिकांचा संप सुरू असल्याने हे विमान कर्मचाऱ्यांसह उझबेकिस्तानकडून भाड्याने घेतलं होतं. त्याचं नाव तुपोलेव्ह टीयू-१५४.

प्रत्येक वेळी नशीब असं साथीला नव्हतं. त्यामुळेच आजही या विमानाचं नाव निघालं की ‘ते सारखं पडणारं विमान ना?’ असं विचारलं जातं. त्यात तथ्य किती?

कशासाठी बनलं?

सोव्हिएत संघाला मोठी अंतरं वेगाने कापणारं, पण साध्या धावपट्टीवरही उतरू शकणारं विमान हवं होतं. तुपोलेव्हच्या संस्थेने शेपटाकडे तीन इंजिनं असलेलं टीयू-१५४ तयार केलं. पहिलं उड्डाण ऑक्टोबर १९६८ मध्ये झालं आणि १९७२ पासून एरोफ्लोतने नियमित प्रवासी सेवा सुरू केली. विमानाचं वजन विभागलं जावं म्हणून मुख्य चाकं तब्बल बारा! खडीच्या धावपट्टीवरही ते उतरायचं. जवळपास एक हजार विमानं बनली. १९८० च्या दशकात कमी इंधन खाणारी ‘एम’ आवृत्ती आली.

मोठे अपघात

- १९८४, ओम्स्क : धावपट्टीवर देखभालीची वाहनं असतानाच विमानाला उतरायची परवानगी मिळाली. १७८ मृत्यू.
- १९८५, उचकुदुक : उंचावर वेग कमी होत गेला आणि विमान गिरक्या घेत कोसळलं. २०० मृत्यू. सोव्हिएत इतिहासातला हा सर्वात भीषण विमान अपघात.
- २००१, काळा समुद्र : युक्रेनच्या लष्करी सरावातलं क्षेपणास्त्र विमानाला लागलं. ७८ मृत्यू.
- २००२, युबरलिंगेन : विमानातली धोका-सूचक यंत्रणा ‘वर जा’ सांगत होती, तर जमिनीवरचा नियंत्रक ‘खाली या’. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं आणि मालवाहू विमानाशी टक्कर झाली. ७१ मृत्यू.
- २०१०, स्मोलेन्स्क : धुक्यात उतरताना अपघात. पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांच्यासह ९६ मृत्यू.

मग दोष कोणाचा?

यादी नीट वाचली तर लक्षात येतं की क्षेपणास्त्र, नियंत्रकाची चूक किंवा धुकं यांचा विमानाच्या रचनेशी थेट संबंध नाही. पण म्हणून विमान निर्दोष ठरत नाही. इंजिनं मागे आणि आडवं शेपूट उंचावर, अशा रचनेत नाक फार वर गेलं आणि वेग घटला, तर शेपटाला पुरेशी हवा मिळत नाही आणि विमान सावरणं अवघड होतं. उचकुदुकला जीव गेले ते अशाच स्थितीत. शिवाय पुढे अनेक विमानं जुनी झाल्यावरही वापरात राहिली. सुरक्षेच्या चिंतेमुळे २०११ मध्ये इराणने टीयू-१५४ ची प्रवासी सेवा बंद केली.

दुसरी बाजू

सप्टेंबर २०१० मध्ये अलरोसा कंपनीच्या टीयू-१५४ चा वीजपुरवठा हवेतच बंद पडला. रेडिओ बंद, दिशादर्शक यंत्रं बंद. वैमानिकांनी जंगलातल्या इझ्मा गावाची जुनी धावपट्टी शोधली. ती जेमतेम १,३०० मीटरची आणि विमानांसाठी बंद झालेली. तरीही तिथल्या एका कर्मचाऱ्याने ती वर्षानुवर्षं साफ ठेवली होती. विमान धावपट्टी ओलांडून झाडांत घुसलं, पण सर्व ८१ जण सुखरूप बाहेर आले. दोन्ही वैमानिकांना ‘रशियाचा वीर’ हा किताब मिळाला. ते विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडालंही!

ऑक्टोबर २०२० मध्ये अलरोसाच्याच टीयू-१५४ ने रशियातलं शेवटचं नियमित प्रवासी उड्डाण केलं. ‘उडती शवपेटी’ म्हणून हे विमान निकालात काढणं सोपं आहे. पण इझ्माच्या त्या साफ धावपट्टीने ८१ जीव वाचवले आणि ओम्स्कच्या अडवलेल्या धावपट्टीने १७८ घेतले. विमान दोन्हीकडे टीयू-१५४ च होतं.