शेंदूर : एका शिसे-संयुगाच्या नावाचा मागोवा

पनवेलजवळील पळस्पे फाट्यावरून जुना मुंबई-पुणे मार्ग खोपोलीकडे जातो. त्याच वाटेवर, खालापूर तालुक्यात, अष्टविनायकांपैकी महडचे स्थान असून तेथील मूर्ती शेंदूरचर्चित आहे. हा शेंदूर रसायनदृष्ट्या नेमका काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘सिंदूर’ या एका नावाखाली भिन्न पदार्थ वावरले आहेत.

तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात साधारण रसांमध्ये गिरिसिंदूर, हिंगूळ आणि मृद्दारशृंग यांची गणना आहे. पहिले दोन पारदयुक्त मानले आहेत. तिसरे, म्हणजे मराठीतील मुर्दाडशिंग, अर्बुद पर्वताच्या परिसरातील पिवळे द्रव्य असून त्याचा संबंध शिशाशी जोडला आहे. मूर्तीवर चढणारा पारंपरिक शेंदूर नावाने पहिल्याचा, कुळाने तिसऱ्याचा. रोममध्येही असेच घडले. ‘मिनियम’ हे नाव मुळात हिंगुळाचे; शिशापासूनचा तांबडा रंग प्लिनीच्या काळी त्याचा दुय्यम प्रकार गणला जाई, पुढे ते नाव शिशाच्याच रंगाला चिकटले. महाग मालाचे नाव स्वस्त मालाने घ्यावे, हा व्यापाराचा न्याय जुनाच दिसतो.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ते हवेत तापवीत राहिल्यास पिवळा ऑक्साइड मिळतो, आणि तो सुमारे ४५० ते ४८० अंशांवर कित्येक तास ढवळत भाजला की शेंदूर तयार होतो. आच ५५० अंशांपलीकडे गेल्यास ऑक्सिजन निसटून पुन्हा पिवळा ऑक्साइडच हाती येतो. कारागिराची सारी परीक्षा आचेत होती. ओळखही आचेवरच पटते : हिंगूळ तापवल्यास उडून जातो, शेंदूर मागे पिवळा अवशेष ठेवतो. विरल नत्राम्लात शेंदराचा काही भाग विरघळतो व तपकिरी डायऑक्साइड तळाशी उरतो. म्हणजे एकाच संयुगात शिसे दोन संयुजांनी नांदते.

तेलात खललेला शेंदूर तेलातील आम्लांशी संयोग पावून घट्ट होतो. थरांवर थर चढून त्याचे कवच बनते. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील असे थर २०२२ मध्ये काढण्यात आले, तेव्हा मूळ रूप दृष्टीस पडले. अशा कामात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. घरगुती व सजावटी रंगांसाठी भारतात २०१७ पासून शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० आहे. शुद्ध शेंदरात वजनाने शेकडा ९० हून अधिक शिसे असते. कवच खरवडताना उडणारी धूळ शिशाचीच धूळ होय, आणि निघालेले थर नदीत किंवा तळ्यात विसर्जित करण्याजोगे नाहीत.