गंगाजळीचा रुपया आणि कागदाचे वचन

मराठी भाषेने नाण्याला जेवढा मान दिला तेवढा नोटेला कधीच दिला नाही. भरवशाच्या माणसाला ती ‘बंदा रुपया’ म्हणते, स्पष्ट उत्तराला ‘खणखणीत’ हे विशेषण लावते, आणि एखाद्याची परीक्षा घेताना त्याचे नाणे वाजवून पाहते. कागदाच्या वाट्याला आले ते ‘कागदी घोडे’. संग्राहकांच्या जगातही हीच उतरंड दीर्घकाळ चालत आली. १९१० साली अलाहाबादेस भारतीय नाणकशास्त्र परिषद स्थापन झाली आणि नाणी जमविणारा अभ्यासक ठरला. नोटा जमविणारा मात्र काड्यापेट्यांची वेष्टने जमविणाऱ्या शाळकरी मुलाच्या पंक्तीला बसविला गेला. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हे तपासण्यास ग्वाल्हेरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

येथे नाण्याचे पारडे जड असण्यास स्थानिक कारण आहे. शिंद्यांच्या राज्यात उज्जैन, लष्कर, चंदेरी, नरवर, भेलसा, ईसागढ, शिवपुरी, बुऱ्हाणपूर अशा अनेक ठिकाणी टांकसाळी चालत. या नाण्यांवरील लेख बहुतांशी फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे. ज्या शाहआलमाला १७८८ साली गुलाम कादिराने आंधळे केले आणि ज्याला महादजी शिंद्यांनी पुन्हा तख्तावर बसविले, त्याच शाहआलमाचे नाव महादजींच्या टांकसाळीतला रुपया मिरवीत असे. सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचे! अठराव्या शतकातील मराठी राजकारण समजावून सांगण्यास एवढा एक रुपया पुरेसा आहे. पुढे या फारसी अक्षरांच्या दाटीत नागरी अक्षरे हळूहळू शिरू लागली. बायजाबाईंच्या कारकिर्दीतील नाण्यावर ‘श्री’ आढळते, जयाजीरावांच्या नाण्यावर ‘जी’. बादशहाला न दुखविता आपली ओळख उमटविण्याची ही युक्ती भिंगातून पाहताना संग्राहकाला जो आनंद होतो, तो इतिहासाच्या जाड ग्रंथात मिळत नाही.

शिवाय ही नाणी हाताने ठोकलेली. साचा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे लेखाचा एखादाच तुकडा चकतीवर उमटतो. कधी टांकसाळीचे नाव कडेबाहेर राहते, तर कधी सनाचा आकडा. एका साच्यातील चार-पाच नाणी शेजारी मांडावीत तेव्हा कोठे संपूर्ण ओळ जुळून येते. पाठभेद जुळवून पोथी सिद्ध करण्याचाच हा प्रकार होय. माधवराव महाराजांच्या काळात यंत्राने पाडलेले तांब्याचे पाव आणे आले. त्यांवर आधी शिंद्यांच्या राजचिन्हातील नाग दिसतो, पुढे संवत १९७० पासून, म्हणजे १९१३ पासून, महाराजांची मुद्रा. जिवाजीरावांच्या काळातही तांब्याचे हे नाणे चालू राहिले. लष्करातील जुन्या मराठी घरांत देव्हाऱ्याच्या खणात असा एखादा पैसा आजही निघतो.

नोट मात्र निघत नाही, कारण ग्वाल्हेर दरबाराने स्वतःची नोट कधी काढलीच नाही. हैदराबादच्या निजामाने १९१८ साली आपले कागदी चलन सुरू केले. ग्वाल्हेर हे पहिल्या प्रतीचे, एकवीस तोफांच्या मानाचे संस्थान. पण त्याचा जीव धातूत गुंतलेला होता.

किती गुंतलेला, हे गंगाजळीवरून कळते. परकीय चलनाच्या राखीव साठ्याला आज मराठी वृत्तपत्रे ‘गंगाजळी’ म्हणतात. ग्वाल्हेरात ते शिंद्यांच्या प्रत्यक्ष खजिन्याचे नाव होते. १ जून १८५८ रोजी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीची राणी यांनी ग्वाल्हेर घेतले, जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले आणि खजिन्यातून फौजेचे पगार वाटले गेले. खजिनदार अमरचंद बांठिया यांनी यासाठी खजिना खुला केला व त्याबद्दल त्यांना सराफ्यातील निंबाच्या झाडाला फाशी देण्यात आले, ही आठवण शहराने आजवर जपली आहे. लढणाऱ्या शिपायाच्या हातात त्या आणीबाणीत कागद देऊन भागले नसते. पेशव्यांचे राज्य टिकणार की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती. चांदी मात्र कोणाचेही राज्य आले तरी चांदीच राहणार होती.

जयाजीरावांनी पुढे पुन्हा खजिना भरला. १८८६ साली ते निवर्तले तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. कारभार मंडळाकडे गेला आणि १८८७ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटी रुपयांचे कर्ज दिले. रुपया एक तोळ्याचा. ऐंशी तोळ्यांचा शेर व चाळीस शेरांचा मण या हिशेबाने साडेतीन कोटी रुपयांचे वजन जवळजवळ अकरा हजार मण भरते. एवढे ओझे उचलून द्यायचे आणि मोबदल्यात सरकारचा शब्द घ्यायचा! धातू देऊन वचन घेण्याचा याहून मोठा व्यवहार या संस्थानाच्या इतिहासात शोधावा लागेल. नोट म्हणजे हाच व्यवहार लहान प्रमाणात, दररोज, बाजारात.

कागदावरचा विश्वास ग्वाल्हेरला अगदीच परका होता असेही नाही. सराफ्यात हुंड्या चालत. दर्शनी, मुदती, शहाजोग असे त्यांचे प्रकार. रक्कम आकड्यात, अक्षरांत आणि वर ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ अशीही लिहिण्याची रीत, म्हणजे कोणी आकड्यात फेरफार करू नये. मूळ हुंडी हरवली तर ‘पेठ’, तीही गेली तर ‘परपेठ’. आणि पैसे चुकते झाले की त्या कागदाला म्हणायचे ‘खोका’. पण हुंडी ओळखीवर चाले; लिहिणारा आणि पैसे देणारा एकमेकांना जाणत. नोटेत प्रथमच अनोळखी माणसाच्या हातून अनोळखी माणसाच्या हातात वचन जाऊ लागले.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. त्याआधी बंगाल, मुंबई व मद्रास येथील इलाखा बँकांच्या नोटा होत्या. नव्या नोटांसाठी देशाची मंडळे पाडली गेली आणि नोट ज्या मंडळाची, तेथेच ती हक्काने वटे. टपालाने रक्कम पाठविताना लोक नोट मधोमध कापीत. एक अर्धी आधी रवाना होई. ती पोहोचल्याचे पत्र आल्यावर दुसरी. पलीकडचा माणूस दोन्ही तुकडे चिकटवून नोट पुरी करी. आज अशी सांधलेली नोट संग्राहकाच्या हाती येते तेव्हा तो त्या चिकटवलेल्या रेषेकडेच अधिक वेळ पाहतो. नाण्यावर राजाचा हात दिसतो. या रेषेत एका सामान्य पेढीवाल्याची धास्ती दिसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा क्रमांक एकच असतो.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. पाठोपाठ अडीच रुपयांचीही, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची, आली. लोकांना कागदाचा रुपया पटावा म्हणून त्या एकाच्या नोटेवर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे चित्र छापले होते! नाण्याची जागा घ्यायला आलेल्या नोटेला नाण्याचाच जामीन द्यावा लागला. खर्च परवडेना म्हणून १९२६ च्या आरंभी या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, एकाची नोट पुन्हा आली. तिची गंमत अशी की कायद्याने ती नोट नव्हेच. ती भारत सरकारची असते, रिझर्व्ह बँकेची नव्हे. तिच्यावर गव्हर्नरांची नव्हे तर अर्थसचिवांची सही असते. आणि २०११ च्या नाणे कायद्यातील ‘नाणे’ या शब्दाच्या व्याख्येत तिचा समावेश आहे. नाणे श्रेष्ठ की नोट, असा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी या एका रुपयापुरता तरी तह करावा.

सही हे नोटांच्या संग्राहकाचे खास क्षेत्र. नाण्यावर टांकसाळीच्या दरोग्याचे नाव नसते. नोटेवर वचन देणारा माणूस सहीनिशी उभा असतो. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली, ती पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जच्या चित्राची व जेम्स टेलर यांच्या सहीची. १९४३ साली चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले आणि त्याच राजाच्या चित्राशेजारी एका मराठी माणसाची सही आली. राजा इंग्लंडचा, सही रायगड जिल्ह्यातील नात्याच्या देशमुखांची. शाहआलमाच्या रुपयावर ‘श्री’ शोधणाऱ्याला ही जोडी ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. मराठी भाषाही नोटेवर आहे. मागील बाजूच्या भाषापट्टीत पंधरा भाषांच्या ओळींत मल्याळमच्या खाली तिची ओळ येते. हिंदी मुलुखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या खिशात दररोज एवढी एक मराठी ओळ असते, आणि बहुधा ती कोणी वाचत नाही.

मोलाच्या दृष्टीने पाहता नाण्याची बाजू उघडच भक्कम आहे. काहीच नाही तर चांदी उरते. नाणे टिकण्यास कोणाच्या इच्छेची गरजही लागत नाही. हंड्यात पुरलेले रुपये तीन पिढ्यांनी नांगराला लागतात. नोटेचे तसे नाही. मळली की बँक ती परत घेते आणि नष्ट करते. जी उरली ती कोणीतरी खर्चली नाही, परतही केली नाही, म्हणून उरली. पोथीच्या पानांत घडी घालून ठेवलेली, ओवाळणीची म्हणून न मोडलेली, पहिल्या पगारातली. वाचलेली प्रत्येक नोट कोणाच्या तरी मायेची किंवा विसराळूपणाची साक्ष असते. नोटांच्या संग्रहाचे आकर्षण मुख्यतः येथे आहे आणि म्हणूनच त्याला पोरखेळ म्हणणे अन्यायाचे आहे.

कायदाही नोटांचा शत्रू ठरतो. जानेवारी १९४६ मध्ये पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. पुढे पुन्हा आलेल्या मोठ्या नोटा जानेवारी १९७८ मध्ये. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या. प्रत्येक वेळी घरोघरच्या घड्या उलगडल्या गेल्या आणि आठवण म्हणून ठेवलेली नोटही रांगेत उभी राहिली. २०१७ च्या कायद्याने या रद्द नोटा दहापेक्षा अधिक बाळगणे दंडनीय केले. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी मर्यादा पंचवीस नोटांची. संग्राहकाला कायद्याने दिलेली ही मान्यता तुटपुंजी खरी, पण मान्यताच.

ग्वाल्हेरात गुजरी महालच्या संग्रहालयात नाणी पाहावयास मिळतात. नोटा, हुंड्या आणि मुद्रांकाचे कागद मात्र अजून घराघरांतच आहेत, ट्रंकांत आणि वहीच्या पुठ्ठ्यांत. त्यांना वाळवी, कसर आणि पावसाळ्यातली ओल यांचे भय आहेच. त्याहून अधिक भय मालकाच्या उत्साहाचे. नोट धुऊन इस्त्री करणारे, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावणारे आणि ‘कायमची सुरक्षित’ म्हणून प्लॅस्टिकमध्ये पक्की मढवून घेणारे संग्राहक कमी नाहीत. मढवलेली नोट पुन्हा सोडविता येत नाही. आम्ल नसलेला कागद, सैल पाकीट, कोरडे कपाट आणि वर्षातून दोनदा उघडून पाहणे, एवढेच तिला लागते. जुनी पुस्तके सांभाळणाऱ्या ग्रंथपालाला यात नवे काही शिकावे लागणार नाही.