काडतूस सगळ्यांना माहीत, नळीचं काय?

१८५७ म्हटलं की आपल्याला चरबीची काडतुसं आठवतात. ती ज्या एन्फिल्ड रायफलीची होती तिचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. परवा एका मोडक्या बंदुकीमुळे विचारावं लागलं. पोस्ट थोडी मोठी आहे, सांभाळून घ्या.

कोकणात माझ्या आतेभावाकडे आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे. आजोबांनीही ती जुनीच घेतलेली. परवाना रीतसर, पीकरक्षणाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीला त्यासाठी खास जागा आहे. पण दस्ता चिरलेला, घोडा अर्ध्या खटक्यावर टिकत नाही, नळीला गंज. इकडे रानडुकरं भातात. "दादा, तू जुन्या हत्यारांचं वाचतोस ना? बघ रे, दुरुस्त होईल का."

आधी गज नळीत सोडला, तोंडाशी खूण केली, बाहेर काढून तेवढाच नळीवर ठेवला. टोपी बसते तिथपर्यंत पोचला. म्हणजे आत बार नव्हता. जुनी बंदूक हातात आली की हे पहिलं काम. कित्येक वर्षं भरून ठेवलेल्या बंदुका सापडतात. फुटलेल्या लाकडाची मला फारशी चिंता नव्हती. खटका जास्त गंभीर, कारण अर्ध्यावरून घोडा सुटला की बार आपोआप उडतो. तरी तोही परवानाधारक कारागीर नीट करू शकतो. (दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, गावच्या लोहाराकडे जायचं नाही.)

खरी गोष्ट नळीची. दस्ता उतरवल्यावर खालच्या बाजूला बर्मिंगहॅमचा शिक्का दिसला आणि १४ हा आकडा. बर्मिंगहॅमला १८१३ पासून नळ्यांची परीक्षा करणारी संस्था आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा, नळी टिकली तर शिक्का. आकडा सांगतो भोक किती: एक पौंड शिशाच्या सारख्या १४ गोळ्या केल्या तर एकीची जाडी, म्हणजे साधारण १७.६ मिलीमीटर. मी मापलं तर १८.६ भरलं. कुणीतरी कधीतरी आतला गंज काढायला नळी कोरली होती. म्हणजे शिक्का ज्या नळीला मिळाला, ती ही नळी उरलीच नव्हती.

नळी कोरणं म्हटल्यावर एन्फिल्डकडे गेलो. १८५३ च्या नमुन्याचं भोक ०.५७७ इंच, आत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन खाचा. म्हणूनच ती लांबवर अचूक. उठावानंतर हिंदी शिपायाच्या हाती अचूक हत्यार नको, असं सरकारला वाटलं. मग १८५८ च्या नमुन्यात त्याच नळीतल्या खाचा कोरून काढल्या, भोक सुमारे ०.६५ इंच झालं, वरखाली होणारी निशाणपट्टी जाऊन साधी ठरीव आली. बाहेरून तीच बंदूक! पण नळीची भिंत चहूबाजूंनी जवळजवळ एक मिलीमीटरने पातळ झाली. ती टिकाऊ ठरेना, म्हणून १८५९ मध्ये जाड भिंतीचा वेगळा नमुना काढावा लागला. खाचा मात्र परत आल्या नाहीत. शिपायाला अचूक रायफल द्यायची नाही हे धोरण तसंच राहिलं, फक्त नळी जाड करून दिली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या घरातल्या बंदुकीवर परवाना आला. गोऱ्यांना सूट होती, आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये त्याविरुद्ध ठराव झाला. तो वेगळा विषय आहे.

आतेभावाला सांगितलं, लाकूड आणि खटका होईल, नळी होणार नाही. टॉर्च मारून त्यालाही दाखवलं: तोंडापासून वीतभर आत एक काळी कडी दिसते, तिथे नळी फुगलीय. गोळी तळाशी नीट न बसता बार काढला की असं होतं. "पण मामा तर उडवायचे की!" उडवायचे, खरंच. त्यांच्या वेळी ती किती पातळ होती, फुगली होती की नाही, आता कोण सांगणार?

नळीला वेल्डिंग करून देतो म्हणणारा एकजण त्याला भेटला होता. त्याचं नाव काढल्यावर मी पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडलो. तो रागावला, रागावणारच, डुकरं माझ्या शेतात येत नाहीत. बंदूक खुंटीला आहे. सध्या तो रात्री मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवतो.