डिस्कविरहित संगणक
१९८० नंतरच्या दशकात हार्ड डिस्क फार महाग होती. म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने डिस्क नसलेले संगणकही बाजारात आणले. असा संगणक चालू केला की त्याला स्वतःचा पत्ताही ठाऊक नसे. जाळ्याच्या कार्डावरील क्रमांक तेवढा तो जाणे. तोच पुकारून 'माझा पत्ता कोणता?' असे तो सर्वांना विचारी. १९८४ च्या रार्प पद्धतीत उत्तरादाखल केवळ पत्ता मिळे, आणि ती हाक राउटरपलीकडे जात नसे. बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांच्या १९८५ च्या बूटपीने ती पलीकडे पोहोचविण्याची सोय केली. शिवाय पत्त्याबरोबर आरंभीच्या फाइलचे नावही कळू लागले. मग ती फाइल टीएफटीपीने ५१२ बाइटांच्या तुकड्यांत येई.

दुरुस्ती एका सर्व्हरवर केली की सर्व यंत्रांना लाभे. मात्र सर्व्हर बसला की सारी खोली मुकी! ही परावलंबिता लहान नव्हे. तरीही १९९९ मध्ये जिम मॅकक्विलन यांच्या एलटीएसपीने भंगारात निघालेल्या संगणकांना याच मार्गाने पुन्हा कामास लावले.

जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली उलट वाट धरली. त्यांच्या क्नॉपिक्सची सुमारे दोन गिगाबाइट सामग्री दाबून एका ७०० मेगाबाइटच्या सीडीत बसविलेली असे. सर्व्हर नको, हार्ड डिस्कही नको. लिहिलेले तात्पुरत्या स्मृतीत राही व वीज जाताच पुसले जाई. पण बिघडलेल्या संगणकाच्या डिस्कवर अडकलेली कागदपत्रे सोडविण्यास हीच तबकडी कामी आली.