मातीची भांडी, स्वयंपाकातील (सुरक्षित वापर)

चाकावर घडवून, थापटण्याने ठोकून आणि आव्यात भाजून केलेली सच्छिद्र भांडी. नाशिक-पुणे महामार्गावरच्या सिन्नर परिसरात उन्हाळ्यात माठाला आणि संक्रांतीला सुगडांना मागणी येतेच. पण चुलीवरची मडकी, परळ, तवे आता गॅसच्या शेगडीवर चढू लागले आहेत. त्यामुळे निवड आणि वापर नीट समजून घेणे गरजेचे झाले आहे.

या भागात मातीच्या भांड्यांची परंपरा फार जुनी. सिन्नरला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठच्या जोर्वे येथे आणि नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीवर ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. त्यातून पुढे आलेली जोर्वे संस्कृती ढोबळमानाने इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातली. तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी आणि तोटी असलेली तिची पातळ भांडी इतकी पक्की भाजलेली आहेत की टिचकी मारल्यावर खणखणतात. गिऱ्हाईक आजही बोटाने हीच परीक्षा करते : खणखणीत आवाज आला तर भांडे धड, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे किंवा ते कच्चे राहिले आहे.

धोका बहुधा मातीत नसतो, मातीवरच्या झिलईत असतो. मातीला काचेसारखी चकाकी आणणाऱ्या झिलईत मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, वापरण्याची पद्धत जगभर जुनी आहे, कारण शिशामुळे झिलई कमी आचेवर वितळते. मेक्सिकोत अशा भांड्यांतून होणारी शिशाची विषबाधा आजही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. चिंच, आमसूल, दही, टोमॅटो, लिंबू यांच्या आंबटपणाने शिसे अन्नात उतरते. भांडे तापते किंवा पदार्थ त्यात मुरत राहतो तेव्हा अधिकच. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सर्वाधिक इजा लहान मुलांच्या मेंदूला होते. म्हणून स्वयंपाकासाठी बिनझिलईचे, बिनरंगाचे भांडे घ्यावे. शोभेच्या रंगीत हंडीत आमटी शिजवू नये, मग ती कितीही देखणी असो. चकाकणारे भांडे घ्यायचेच असेल, तर शिसे आणि कॅडमियम यांच्या तपासणीचा दाखला विक्रेत्याकडे मागावा. लोणच्याची चिनी मातीची बरणी वेगळी : ती बरीच जास्त आचेवर भाजलेली असते आणि साठवणीसाठी असते, विस्तवावर ठेवण्यासाठी नाही.

दुसरा धोका तडकण्याचा. गावठी आव्यातले भांडे साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजलेले असते, तरी शेगडीवर ते फुटू शकते, कारण एक भाग तापून पसरतो आणि दुसरा गारच राहतो. नवे भांडे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, मग सावलीत पूर्ण वाळवावे. नंतर त्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळावी. तिच्यातला स्टार्च छिद्रांत बसतो आणि झिरपणे कमी होते. रोजच्या वापरात आच हळूहळू वाढवावी, भांड्याखाली लोखंडी जाळी ठेवावी, रिकामे भांडे तापवू नये. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये आणि ते ओल्या ओट्यावर टेकवू नये. इंडक्शनवर ते तापणारच नाही.

आच सगळीकडे सारखी लागण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे खानदेशात मांडे भाजायचे उपडे खापर. चुलीची ज्वाळा त्याला आतून सगळीकडून लागते. गॅसच्या एका गोल बर्नरवर मात्र मधला भाग भडकतो आणि कडा गार राहतात. त्यामुळे खापर चुलीवरच बरे.

भांडे धुताना साबण छिद्रांत शिरतो आणि पुढच्या भाजीला त्याचा वास येतो. काथ्या, गरम पाणी, चिमूटभर खाण्याचा सोडा किंवा चाळलेली राख पुरते. नंतर भांडे उन्हात आतपर्यंत वाळू द्यावे. ओलसर ठेवले तर बुरशी धरते. उरलेले कालवण त्यात रात्रभर ठेवू नये. मटण-मासळीचे, दुधाचे आणि भाजीचे भांडे वेगळे असलेले बरे, कारण वास मातीत मुरतो. विरजण मात्र मातीच्या गाडग्यात घट्ट लागते : ओल भिंती शोषून घेतात.

तडा गेलेले भांडे सिमेंटने किंवा रासायनिक डिंकाने जोडून पुन्हा चुलीवर चढवू नये.